दोघांनी दाबायचा क्लच

लग्नाला सहा वर्षं झाली तरी माझं आणि माझ्या सासऱ्यांचं बोलणं दोन वाक्यांच्या पुढं गेलं नव्हतं. ते विचारायचे, "तिकडं पाऊस कसाय?" मी म्हणायचो, "बराय." उन्हाळ्यात पावसाच्या जागी ऊन यायचं, एवढाच काय तो बदल. मग ते पेपर उघडायचे आणि मी पंख्याकडं बघत बसायचो.

ते लातूरचे. डेपोच्या वर्कशॉपात हेड मेकॅनिक होते, आता निवृत्त. मी नांदेडला भूमी अभिलेख कार्यालयात, म्हणजे लोकांच्या जमिनी मोजणारा माणूस. त्यांच्या दृष्टीनं मी टेबलावर बसणारा, आणि जावई, म्हणजे दुहेरी नाजूक. मला ते "पाहुणे" म्हणायचे. "पाहुणे, बसा." "पाहुणे, घ्या." सहा वर्षांत त्यांनी मला घरात एकदाही जमिनीवर बसू दिलं नाही.

अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला लातूरला गेलो. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, तबकात तेहतीस अनारसे, सगळं रीतसर. जेवून हात धुवायला मागच्या अंगणात गेलो, तर तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या वाकळेखालून एक पेट्रोलची टाकी बाहेर डोकावत होती. वाकळ उचलली. दोन सिलिंडरची जुनी टू-स्ट्रोक! एके काळी पोरं जिच्या नुसत्या आवाजावर रस्ता सोडून उभी राहायची, ती गाडी. टायर बसलेले, तारांना गंज, सीटमधून काथ्या बाहेर आलेला. कॉलेजात असताना अशी एक गाडी मी लांबूनच बघितली होती. हात लावायची ऐपत नव्हती.

आत आलो तर सासूबाई विचारत होत्या, "काय घ्यायचं तुम्हाला धोंड्याचं? कापड घ्यावं का चांदीचं काही? संकोच करू नका."

पोटात पाच धोंडे होते. त्या तारेत मी बोलून गेलो, "मामी, ती मागची गाडी द्या."

बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी तिच्या वडलांची किडनी मागितली. सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. "ती चालत न्हाई," ते म्हणाले. "पार्ट मिळत न्हाईत तिचे."

"मग द्या की," सासूबाई म्हणाल्या. "वीस-पंचवीस वर्षं झाली, माझी लाकडं ठिवायची जागा अडवून बसली हाय ती."

धोंड्याचं दान नाकारता येत नाही. सासऱ्यांनी गाडी दिली, पण एक अट घातली. गाडी सुरू झाल्याशिवाय घराबाहेर न्यायची नाही. खोलायची ती इथंच, त्यांच्या डोळ्यांदेखत.

त्यामुळं मी दर शनिवारी सकाळी नांदेडहून बस धरायचो आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला उतरायचो. पहिल्या शनिवारी शेडमध्ये गेलो तर गाडीशेजारी एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर धुतलेला टॉवेल.

"बसा पाहुणे," सासरे म्हणाले. "तुम्ही नुसतं सांगा. हात काळे करू नका."

मी आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ बघून तयारी केली होती. हात काळे करायला तर आलो होतो. पण जावयानं इंजिनाला हात लावणं त्यांना बघवेना. मी पाना उचलला की ते हळूच काढून घ्यायचे आणि माझ्या हातात चहा द्यायचे. पहिल्या दिवशी मी सहा कप चहा प्यालो आणि एकही नट खोलला नाही.

त्यांचा हात बसचा होता. बसच्या नटाला जेवढा जोर लागतो तेवढाच ते मोटरसायकलच्या नटाला लावायचे. दोन स्टडचे आटे गेले. "हे कुठं टिकाऊ लोखंड हाय," असं म्हणून त्यांनी ते लोखंडावर ढकललं. मी खुर्चीतून म्हणालो, "मामा, हे ॲल्युमिनियम आहे." त्यांनी ऐकलं, पण ऐकल्याचं दाखवलं नाही. तिसऱ्या स्टडला मात्र पाना दोन बोटांत धरला.

सिलिंडर निघाले. मग उजव्या बाजूचं झाकण काढून क्लच उघडला. क्लच म्हणजे एकावर एक रचलेल्या गोल प्लेटांची चवड. स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात म्हणून इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते. या प्लेटा जळून कोळसा झाल्या होत्या. मी वाकून बघायला लागलो, तोच सासऱ्यांनी त्यांच्यावर पेपर टाकला.

"जुन्या झाल्यात," ते म्हणाले. "बघण्यासारखं काही न्हाई त्याच्यात."

सिलिंडर आणि क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा जड दांडा, लेथवर न्यावे लागणार होते. नांदेडला माझ्या ओळखीचे एक म्हातारे उस्ताद होते. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचं काम आता तेच करायचे. सिलिंडर पिशवीत घातले. क्रँकला धक्का लागता कामा नये, म्हणून सासूबाईंनी एक मऊ जुनं लुगडं काढलं आणि त्यात तो असा काही गुंडाळला की फक्त कुंची घालायची राहिली. रविवारी दुपारच्या बसमध्ये मी तो मांडीवर घेऊन बसलो. खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरायचो.

चाकूरला एक बाई शेजारी येऊन बसल्या. थोडा वेळ माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आई न्हाई व्हय संगं?"

मी म्हणालो, "नाही, मी एकटाच."

"लई शांत हाय. किती म्हैन्याचं हाय?"

खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बस आदळली आणि लुगड्यातून 'खण्ण' असा आवाज आला. बाई उठून पुढच्या सीटवर गेल्या. अहमदपूर येईपर्यंत त्या मागं वळून वळून बघत होत्या.

उस्तादांनी क्रँक हातात घेऊन फिरवला, कान लावून ऐकला आणि सिलिंडरच्या आत बोट घातलं. धूर बाहेर पडायची जी खिडकी असते, पोर्ट म्हणतात तिला, तिच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "साब, इसकू जरा खोल दूँ क्या? घोडा हाय ये. अब्बी तक बकरी के माफिक बांध के रख्या."

खिडकी थोडी वर घासली की इंजिन जास्त मोकळा श्वास घेतं आणि वरच्या वेगाला जोर करतं, एवढं मला व्हिडिओवरून माहीत होतं. पण गाडी अजून मनानं सासऱ्यांचीच होती. मी त्यांना फोन लावला.

"अजिबात न्हाई," ते म्हणाले. "बनवणारे येडे होते का? हाय तसंच ऱ्हाऊ द्या."

मी उस्तादांना नको म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांनी सिलिंडर आणायला गेलो, तर पोर्ट चांगला लांबूनही दिसेल इतका वर घासलेला. मी म्हणालो, "उस्ताद, नको म्हणालो होतो ना?"

उस्ताद हसले. "तुम्हारे ससुर का फोन आया था, साब. तुमने नंबर दिया था ना उनकू? बोले, दामाद डरपोक हाय, उसका मत सुनो, खुल के घिसो."

लातूरला गेल्यावर मी ते सिलिंडर काही न बोलता त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी पोर्टमध्ये बोट घातलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "बरा घासलाय." मग माझी नजर चुकवत, "चहा घेता का पाहुणे?"

जुळवाजुळवीच्या दिवशी खुर्ची तिथंच होती, पण मी आता तिच्यावर हत्यारं ठेवायला लागलो होतो. पिस्टन बसवताना त्याची पिन निसटू नये म्हणून दोन्ही टोकांना तारेचं एक-एक बारकं कडं लावतात. त्याला लॉक म्हणतात. ते बसवताना खालच्या पोकळीत आधी फडकं कोंबायचं असतं, म्हणजे कडं उडालं तरी इंजिनात पडत नाही. मी म्हणालो, "मामा, फडकं."

"पस्तीस वर्षं बसवले लॉक," ते म्हणाले, आणि टिंग!

लॉक उडालं.

ते कुठं गेलं हे कुणालाच दिसलं नव्हतं. इंजिनात पडलं असेल तर पहिल्या किकलाच सगळ्याचा भुगा. सासरे गुडघ्यावर बसले आणि फरशी हातानं चाचपायला लागले. मी पण बसलो. ते उजवीकडून, मी डावीकडून. गाडीखाली आमची डोकी एकमेकांवर आपटली.

"सरक की रे तिकडं!" ते ओरडले.

सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला अरे केलं होतं. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं, आणि मी सरकलो.

तासाभरानं असं ठरलं की लॉक इंजिनातच आहे. सासूबाईंची एक चादर अंथरली. इंजिनाचा सांगाडा दोघांनी मिळून उचलला, उलटा केला आणि गदागदा हलवला. खुळखुळ आवाज आला. "हाय! हाय आत!" सासरे म्हणाले. आणखी हलवलं. चादरीवर दोन भुईमुगाच्या शेंगा पडल्या. मग आणखी एक. पंचवीस वर्षांत कुठल्या तरी उंदरानं आम्ही न उघडलेल्या एका कप्प्यात संसार थाटला होता. इंजिन धरून हातांना कळा लागल्या होत्या आणि शेंगा काही संपत नव्हत्या.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "भाजून देऊ का?" त्यांनी विचारलं.

मला हसू आवरेना. इंजिन हातात, हसू पोटात, आणि खाली ठेवायला जागा नाही. सासरे आधी चिडले, मग त्यांची पण मान हलायला लागली. ते वाकले, तसं त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून चष्म्याच्या घराबरोबर लॉकही चादरीवर पडलं. त्यानंतर फडकं कोंबल्याशिवाय त्यांनी एक वायसरही लावला नाही.

नव्या क्लच प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवाव्या लागतात. सासऱ्यांनी त्या सकाळी स्वयंपाकघरातल्या पातेल्यात भिजवल्या. दुपारी सासूबाईंनी झाकण काढलं आणि आतून हाक मारली, "हे काय तळायला ठिवलंय?" कळल्यावर त्यांनी ते पातेलं आम्हालाच देऊन टाकलं. ते अजून माझ्याकडं आहे.

गाडी सुरू झाली त्या दिवशी अख्खी गल्ली धुरानं भरली. आधीचं मुरलेलं तेल, नवं तेल, उंदराचा संसार, सगळं एकदम जळालं. समोरच्या काकूंनी ओरडून सांगितलं, "खिडक्या लावा गं, मच्छराची फवारणी आली!" आणि खरोखरच चार घरांच्या खिडक्या धडाधड लागल्या. धुरात सासरे मला दिसत नव्हते. नुसता आवाज यायचा, "ऐक! ऐक कसं गातंय!"

पण गाडीला गती येईना. इंजिन ओरडायचं आणि गाडी आपल्या चालीनं निघायची, जसं घरात कुणीतरी तापलंय आणि बाकीच्यांना त्याचं काही नाही. उस्तादांना फोन केला. ते म्हणाले, ताकद वाढली आहे, जुन्या स्प्रिंगांना प्लेटा धरवत नाहीत, क्लच घसरतोय. थोड्या कडक स्प्रिंगा लागतील. त्यांनी त्या काढूनही ठेवल्या.

मी त्या स्प्रिंगा घेऊन पुढच्या शनिवारी पोचलो, तर क्लचचं झाकण आधीच बंद केलेलं. सासऱ्यांनी डेपोतल्या जुन्या मित्राकडून कुठल्याशा जाड स्प्रिंगा कापून, टोकं घासून आणल्या होत्या आणि एक प्लेटही जास्तीची घातली होती. "आता बघू कसा घसरतो ते," ते म्हणाले.

मी क्लच दाबून बघितला. म्हणजे प्रयत्न केला. भिंत दाबल्यासारखं वाटलं.

"मामा, हा दबत नाही."

"लेखणी धरणारा हात तो," ते म्हणाले आणि स्वतः दाबला. कपाळावरची शीर उभी राहिली, पण दबला. "आज मी चालवतो. तुम्ही मागं बसा."

शेडपासून निघालो. सरळ रस्त्यावर काय वर्णावी ती गाडी! खालच्या वेगाला शहाण्या मुलीसारखी, आणि एका ठरावीक आवाजानंतर जणू कुणी मागून लाथ घातली. सासरे ओरडले, मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. त्याआधी मी त्यांना नमस्कारापलीकडं कधी स्पर्शही केला नव्हता.

त्यांना गंजगोलाईत जायचं होतं. लातूरच्या मधोमध ती गोल बाजारपेठ, चहूबाजूंनी रस्ते येऊन मिळतात. तिथं त्यांच्या ओळखीचं कुणी ना कुणी बसलेलं असतंच. शनिवारची संध्याकाळ, गर्दी जोरात. पहिल्या गिअरमध्ये आम्ही गोलाईत शिरलो. कापडाच्या दुकानापाशी थांबायचं होतं. थांबलो नाही.

"मामा, दुकान गेलं."

"माहीत हाय."

अर्धी गोलाई झाली. मी पुन्हा विचारलं. ते दातओठ खात म्हणाले, "हात गेला."

"कुठं गेला?"

"हाताला गोळा आलाय! क्लच दबत न्हाई!"

मी म्हणालो, "मग ब्रेक मारा, बंद पडू द्या."

"इथं? आणि सगळ्यांसमोर किका मारत बसू?" ते गुरकावले. तेही खरंच होतं. त्या इंजिनाची किक उलटी यायची. दोन दिवसांपूर्वीच तिनं त्यांची पोटरी सुजवली होती. बंद पडलेल्या गाडीशेजारी लंगडत उभं राहण्यापेक्षा जन्मभर फिरत राहणं त्यांना मंजूर होतं.

दुसरी फेरी सुरू झाली. पानाच्या टपरीवरून एकानं हात केला, "काय साहेब, नवी गाडी?" सासऱ्यांनी मान डोलावली आणि आम्ही पुढं गेलो. तिसऱ्या फेरीला तोच माणूस चार जणांना घेऊन उभा. "थांबा की!" "येतो, येतो," सासरे म्हणाले, आणि आम्ही परत गेलो. फळांचे गाडेवाले आमचा आवाज आला की गाडे मागं ओढायला लागले. एक म्हातारा आम्हाला वाट देण्यासाठी तीन वेळा खांबाला चिकटला होता. चौथ्यांदा तो हात जोडून उभा राहिला.

मग माझ्या डोक्यात आलं. मी मागून डावा हात पुढं काढला आणि त्यांच्या मुठीवर माझी मूठ ठेवली. "मामा, तीन म्हणलं की दोघं मिळून दाबू."

"तीन कशाला, दाब!" ते ओरडले. "दाब रे दाब!"

दोघांनी दाबला. गाडी कापडाच्या दुकानासमोर नीट, ऐटीत थांबली. इंजिन चालू. टपरीवरच्या मंडळींना वाटलं की आम्ही मुद्दाम फेऱ्या मारत होतो. एकजण म्हणाला, "लग्नाची वरात वाटली, साहेब."

आम्ही तिथंच चहा घेतला. गाडी मुद्दाम चालूच ठेवली होती. सासरे डाव्या हाताची बोटं चोळत होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि गाडीकडं बघत म्हणाले, "पार्ट मिळत न्हाईत असं म्हणलो होतो ना मी."

मी माझीही बशी खाली ठेवली.

"मिळत होते. क्लच मीच जाळला. डेपोतलं जाड ऑइल ओतलं त्याच्यात. बसला चालतं तर हिला का न्हाई, म्हणलं. प्लेटा चिकटल्या. म्हणून केबल आवळली. आवळली म्हणून घसरायला लागला. घसरून घसरून जळाला." त्यांनी कपातला उरलेला चहा बशीत ओतला. "हेड मेकॅनिक माणूस मी. कुणाला सांगू? एखाद्या गल्लीतल्या मेकॅनिककडं न्यायची, त्यानं झाकण उघडायचं, आणि हसायचं? त्यापरीस वाकळ टाकली."

मी म्हणालो, "मागच्या वर्षी मी एका माणसाचा अख्खा बांध शेजाऱ्याच्या शेतात मोजला होता. नकाशा उलटा धरला होता."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मग?"

"मग काय. दोघांनी मिळून मला शेतातून पळवलं."

ते इतके हसले की चहा नाकात गेला. घरी जाताना प्रत्येक वळणावर ते "दाब" म्हणायचे आणि मी दाबायचो. त्यांनी माझ्याशी पुन्हा कधी पावसाबद्दल बोलणं काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी उस्तादांच्या स्प्रिंगा घातल्या आणि जास्तीची प्लेट काढून टाकली. क्लच आता माझ्या लेखणीच्या हातालाही दबतो. गाडी मी नांदेडला आणली. सासरे दर रविवारी फोन करतात. बायको फोन उचलते, ते तिला "बरी हायस ना?" एवढंच विचारतात आणि म्हणतात, "त्याला दे." मग आम्ही प्लगचा रंग कसा आहे, ऑइल किती घातलं यावर अर्धा तास बोलतो. बायकोचं म्हणणं आहे की तिचं लग्न होऊन मीच त्या घरात गेलोय.

गेल्या महिन्यात ते नांदेडला आले. सकाळीच म्हणाले, "चल, अर्धापूरला जाऊन केळी आणू." केळी आमच्या कोपऱ्यावरही मिळतात, तरी मी गाडीची किल्ली घेतली. अर्धापूरला एका शेतकऱ्यानं ताजा घड कापून दिला. तो आम्ही मागं सायलेन्सरच्या वर दोरीनं बांधला आणि येताना दोघांनी मनसोक्त वेग काढला.

घरी येऊन बघितलं तर घडाचा खालचा अर्धा भाग काळाकुट्ट. टू-स्ट्रोकचा सगळा तेलकट धूर त्या केळ्यांनी प्याला होता. बायकोनं एक सोलून हुंगलं आणि सगळा घड आमच्यापुढं ठेवला. "तुम्ही आणलेत, तुम्हीच खा."

सासऱ्यांनी एक तोडलं, धोतराला पुसलं आणि खाल्लं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी सावकाश चावून गिळलं आणि दुसरं उचललं.

"ऑइल जरा कमी कर," ते म्हणाले.